औषधाच्या चिठ्ठीवर व्यायाम

डॉक्टरांच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांत "जरा व्यायाम करीत जा" या वाक्याइतकें वारंवार उच्चारलें जाणारें आणि तितकेंच निष्फळ ठरणारें दुसरें वाक्य बहुधा नसेल. औषध लिहून देतांना डॉक्टर गोळीचें नांव लिहितात, ती किती मिलिग्रॅमची हें लिहितात. दिवसांतून किती वेळां, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर, आणि किती दिवस घ्यावयाची हेंहि लिहितात. व्यायामाची गोष्ट मात्र रोगी उठून दाराकडे वळल्यावर, तो पायांत चपला सरकवीत असतांना सांगितली जाते. कोणता व्यायाम, किती वेळ, किती जोरानें, गुडघा दुखत असल्यास काय करावें, इन्सुलिन चालू असल्यास काय काळजी घ्यावी, यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या वाक्यांत नसतें. रोगी घरीं येतो, दोन दिवस मोठ्या उत्साहानें चालतो, तिसऱ्या दिवशीं गुडघा ठणकूं लागतो, आणि चौथ्या दिवसापासून तो पुन्हा आरामखुर्चींत दिसूं लागतो. यांत रोग्याचा आळस थोडा आणि उपदेशाचा अपुरेपणा अधिक, असें माझें मत आहे.

व्यायाम हें जर औषध असेल तर त्याची मात्रा ठरलेली असली पाहिजे, ती ठरविणारा मनुष्य त्या शास्त्रांत शिकलेला असला पाहिजे, आणि इतर उपचारांचा भार समाज ज्याप्रमाणें उचलतो त्याप्रमाणें याचाहि कांहीं भार त्यानें उचलला पाहिजे. हीं तीन तत्त्वें ज्या देशांनीं कमीअधिक प्रमाणांत अंमलांत आणलीं आहेत त्यांपैकीं ऑस्ट्रेलिया हा एक. आज त्याच देशाच्या व्यवस्थेविषयीं बोलण्यास दुसरेंहि एक कारण आहे. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतील मुलें आज मेलबर्न, सिडनी अशा शहरांत स्थायिक झालेलीं आहेत, आणि कांहींचे वृद्ध आईवडीलहि कायमचे तिकडे राहावयास गेले आहेत. मधुमेह तर आपण भारतीय लोक जेथें जातों तेथें आपल्याबरोबर नेतों. इतरांच्या मानानें तो आपल्यांत लवकरच्या वयांत आणि कमी वजनाच्या शरीरांतहि आढळतो. अशा घरांना या व्यवस्थेची माहिती प्रत्यक्ष उपयोगाची आहे. ज्यांचें कोणी तिकडे नाहीं त्यांनाहि तींतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम, व्यायामाला औषध म्हणणें कितपत योग्य आहे तें पाहूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाच्या उपचारांचें विवेचन आहे. ज्याच्याजवळ धन नाहीं आणि ज्याला कोणी नातलग नाहीं अशा रोग्यानें पायांत वहाणा न घालतां, डोक्यावर छत्र न घेतां, भिक्षा मागून, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्याला औषध विकत घेतां येत नाहीं त्याला त्या आचार्यांनीं चालण्याचें औषध दिलें, आणि तेंहि मोजून दिलें. अनवाणी चालण्याचा भाग मात्र आजच्या मधुमेही रोग्यानें पाळूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

अलीकडच्या काळांत १९५३ सालीं जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर एका जागीं बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, तिकिटांसाठीं जिन्यावरून सारखी चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. गाडी तीच, शहर तेंच, मालक तोच; मुख्य फरक पायांच्या कामाचा होता. त्या पाहणीपासून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास जोरानें सुरू झाला.

त्या अभ्यासांतून जें निष्पन्न झालें त्यांतील दोन-तीन गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्यात. स्नायु काम करूं लागला म्हणजे तो रक्तांतील साखर ओढून घेतो, आणि त्यासाठीं त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाहीं. व्यायाम संपल्यावरहि पुढें एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतें. मधुमेही मनुष्यानें व्यायामांत लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडूं देऊं नये, हा नियम याच हिशेबावरून आला आहे. गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातांत मांडीच्या पुढील स्नायूंना बळकटी आली कीं सांध्याला आधार मिळतो आणि वेदना कमी होते. चालल्यानें गुडघा अधिकच झिजेल ही भीति बहुतेकांच्या बाबतींत निराधार ठरली आहे. फुप्फुसांच्या जुनाट विकारांत फुप्फुसें पूर्ववत् होत नाहींत, हें खरें. परंतु पायांचे स्नायु सुधारल्यामुळें मनुष्य तितक्याच श्वासांत अधिक चालूं शकतो. आणि वृद्धांच्या बाबतींत तर हात न टेकतां खुर्चींतून उठतां येणें यावरच एकट्यानें न्हाणीघरांत जाणें, देवळाची पायरी चढणें, शेजाऱ्याकडे जाऊन बसणें हें सारें अवलंबून असतें. हें स्वातंत्र्य गेलें म्हणजे औषधांची कितीहि मोठी पेटी तें परत आणून देत नाहीं.

आतां ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेकडे वळूं. तेथील 'मेडिकेअर' ही सार्वजनिक आरोग्यविम्याची योजना १९८४ सालच्या फेब्रुवारींत सुरू झाली. दीर्घकाळ चालणाऱ्या विकारांच्या रोग्यांसाठीं डॉक्टरांखेरीज इतर तज्ज्ञांच्या सेवेचा खर्चहि कांहीं मर्यादेपर्यंत देण्यास तिनें २००४ सालीं आरंभ केला, आणि २००६ सालीं त्या तज्ज्ञांत व्यायामोपचारतज्ज्ञाचा समावेश झाला. तिकडे त्याला 'एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट' म्हणतात. हा तालमींतला वस्ताद नव्हे, किंवा व्यायामशाळेंत पगारावर ठेवलेला शिक्षकहि नव्हे. किमान चार वर्षांचें विद्यापीठीय शिक्षण आणि व्यवसायसंस्थेची मान्यता मिळाल्यावरच त्याला हें काम करतां येतें. फिजिओथेरपिस्टाचें आणि त्याचें क्षेत्र कांहीं ठिकाणीं एकमेकांत मिसळतें. परंतु जुनाट विकार जडलेल्या मनुष्याला झेपेल असा व्यायामाचा क्रम आखून देणें आणि तो वाढवीत नेणें हें याचें विशेष काम. या दोघांपैकीं कोणाकडेहि गेलें तरी ही मदत मिळूं शकते.

तिचा मार्ग कुटुंबाच्या डॉक्टरांच्या दारावरून जातो. रोगी आपण होऊन व्यायामोपचारतज्ज्ञाकडे गेला आणि मागाहून बिल मेडिकेअरकडे पाठविलें, तर छदामहि मिळत नाहीं. प्रथम डॉक्टरांकडून दीर्घकालीन विकाराची उपचारयोजना लेखी करून घ्यावी लागते, आणि त्या योजनेला अनुसरून डॉक्टर व्यायामोपचारतज्ज्ञाच्या नांवें शिफारसपत्र देतात. दवाखान्यांत वेळ ठरवितांनाच आपण या कामासाठीं येत आहों असें सांगावें, म्हणजे पुरेसा वेळ राखून ठेवला जातो. खोकल्याच्या औषधासाठीं घेतलेल्या दहा मिनिटांत हें काम उरकत नाहीं. जो विकार सहा महिने टिकला आहे किंवा टिकण्याचा संभव आहे तो दीर्घकालीन, अशी येथें व्याख्या आहे. रोगांची ठराविक यादी नाहीं. मधुमेह, हृदयविकार, दमा, संधिवात, पक्षाघात, कर्करोग हे सर्व त्यांत येऊं शकतात, निर्णय डॉक्टरांचा.

पूर्वीं यासाठीं दोन निरनिराळ्या योजना कराव्या लागत, आणि डॉक्टरांना आणखी दोन उपचारकांशीं विचारविनिमय करावा लागे. १ जुलै २०२५ पासून हा व्याप कमी झाला आहे. आतां एकच योजना पुरते, आणि ठराविक छापील नमुन्याऐवजीं साधें शिफारसपत्र चालतें. जुन्या पद्धतीनें झालेल्या योजना ग्राह्य धरण्याची मुदत ३० जून २०२७ ही ठेवलेली आहे. योजना मात्र मागील १८ महिन्यांत केलेली किंवा डॉक्टरांनीं पुन्हा तपासलेली असावी लागते. शिवाय, 'मायमेडिकेअर' या नोंदणींत ज्यानें एखाद्या दवाखान्याचें नांव दिलें आहे त्याला ही योजना त्याच दवाखान्यांत करून घ्यावी लागते.

एवढें झाल्यावर किती मिळतें? एका वर्षांत ५ भेटी. वर्ष म्हणजे जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचें. आणि ५ भेटी म्हणजे सर्व तज्ज्ञांच्या मिळून ५. येथें पुष्कळांचा गैरसमज होतो. पायांच्या तपासणीसाठीं दोन आणि आहारतज्ज्ञाकडे एक अशा तीन भेटी झाल्या असतील, तर व्यायामासाठीं दोनच उरतात. न वापरलेल्या भेटी पुढील वर्षाच्या पांचांत भर घालीत नाहींत. तेथील मूळच्या आदिवासी रहिवाशांसाठीं आणखी ५ भेटींची सोय आहे. प्रत्येक भेट निदान २० मिनिटांची असावी लागते, आणि पहिल्या व शेवटच्या भेटीनंतर तज्ज्ञानें डॉक्टरांना लेखी वृत्तान्त पाठवावयाचा असतो.

पैशाचा हिशेबहि स्पष्ट समजून घ्यावा. मेडिकेअरकडून एका भेटीमागें ६० डॉलरांच्या आसपास रक्कम मिळते. कांहीं तज्ज्ञ तेवढ्यावरच समाधान मानतात आणि रोग्याकडून कांहीं घेत नाहींत. याला तिकडे 'बल्क बिलिंग' म्हणतात. परंतु पुष्कळांची फी याहून अधिक असते, आणि वरचा भाग रोग्याला भरावा लागतो. समजा, फी १०० डॉलर आहे. तर सुमारे ४० डॉलर आपल्या खिशांतून जातील. म्हणून वेळ ठरवितांनाच फी किती, मेडिकेअर किती देईल आणि आपणांला किती भरावें लागेल, हे तीन प्रश्न विचारावे. यांत संकोच करण्याचें कारण नाहीं. तिकडे असे प्रश्न विचारणें नेहमींचेंच आहे.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा प्रौढपणीं जडणाऱ्या, मधुमेहाच्या रोग्यांसाठीं याखेरीज एक निराळी सोय आहे, आणि तिचा लाभ घेणें फार फायद्याचें आहे. डॉक्टरांच्या शिफारशीवरून प्रथम तज्ज्ञ एकट्या रोग्याची तपासणी करतो, आणि नंतर वर्षांत ८ पर्यंत सामुदायिक वर्ग मिळतात. एका वर्गांत २ ते १२ माणसें असतात आणि तो निदान एक तास चालतो. हे वर्ग त्या पांच भेटींत मोजले जात नाहींत. एकट्यानें व्यायाम करण्याचा ज्यांना कंटाळा येतो, आणि असे लोक थोडे नाहींत, त्यांना समदुःखी माणसांची संगत हीच कित्येकदां मुख्य प्रेरणा ठरते.

आईवडिलांना भेटीसाठीं बोलावून घेणाऱ्या मुलांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. ही मदत ऑस्ट्रेलियाचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यासाठीं आहे. कांहीं देशांशीं ऑस्ट्रेलियानें परस्पर वैद्यकीय साहाय्याचे करार केले आहेत. भारताशीं तसा करार नाहीं. तेव्हां सहा महिन्यांसाठीं पाहुणे म्हणून गेलेल्या मातापित्यांना मेडिकेअरचा आधार मिळत नाहीं. त्यांनीं येथून निघण्यापूर्वींच आपल्या डॉक्टरांकडून व्यायामाचा क्रम लिहून घ्यावा हें उत्तम.

पांच भेटी ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यानें काय होणार? आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय दोन-तीन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम, असें मधुमेहासाठीं सर्वसाधारण प्रमाण सांगितलें जातें. तें पांच भेटींत कसें भरून निघेल? हा आक्षेप बिनतोड आहे; पण त्याचें उत्तर भेटींचा उपयोग कसा करावा यांत आहे. या भेटी व्यायाम करण्यासाठीं नाहींत, व्यायाम शिकण्यासाठीं आहेत. गवयाकडे आठवड्यांतून एकदां जाणारा विद्यार्थी उरलेले सहा दिवस तंबोरा खुंटीला टांगून ठेवील तर गाणें येणार नाहीं. येथेंहि तोच न्याय.

पहिल्या भेटीला जातांना सर्व औषधांची यादी, अलीकडील तपासण्यांचे कागद आणि रोज वापरावयाचे बूट बरोबर न्यावे. वृद्ध मनुष्याला इंग्रजी बोलण्याचा सराव नसेल तर घरांतील कोणी तरी बरोबर जावें. तज्ज्ञ बहुधा सहा मिनिटांत किती अंतर चालतां येतें, अर्ध्या मिनिटांत खुर्चींतून किती वेळां उठतां-बसतां येतें, एका पायावर तोल किती राहतो, हें मोजील. हे आंकडे आपल्याजवळ लिहून ठेवावे. दुसरी भेट दोन आठवड्यांच्या आंत घ्यावी, कारण चुका होतात त्या आरंभींच. तिसरी महिना-दीड महिन्यानें, व्यायाम वाढविण्यासाठीं. चौथी त्यानंतर तीन महिन्यांनीं. आणि पांचवी वर्षअखेरीस, पहिले आंकडे पुन्हा मोजून पाहण्यासाठीं. पांचहि भेटी पहिल्या महिन्यांत उरकणाऱ्याला सहाव्या आठवड्यांत विचारावयाला कोणी राहत नाहीं. प्रत्येक भेटीच्या शेवटीं घरीं काय करावयाचें तें कागदावर लिहून मागावें. व्यायामाचा जोर समजण्यास एक सोपी खूण आहे: चालतां-चालतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये, इतपत श्रम मध्यम समजावे.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टीहि सांगितल्या पाहिजेत. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांची साखर व्यायामानें प्रमाणाबाहेर खालीं जाऊं शकते. घाम सुटणें, हात कांपणें, घाबरल्यासारखें होणें हीं तिचीं लक्षणें. अशांनीं खिशांत साखर किंवा ग्लुकोज ठेवल्याशिवाय बाहेर पडूं नये. जुन्या मधुमेहांत पायांची संवेदना मंद झालेली असते. खडा टोचला तरी कळत नाहीं आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी चालूं नये, आणि रोज रात्रीं तळपाय पाहावे. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाची बाधा झाली असल्यास श्वास कोंडून जड वजनें उचलणें धोक्याचें. आणि छातींत कळ आली तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ती आपोआप जाईल म्हणून वाट पाहूं नये.

या व्यवस्थेंत उणिवा नाहींत असें नाहीं. फीचा वरचा भाग ज्याला परवडत नाहीं तोच पुष्कळदां अधिक आजारी असतो, आणि दूरच्या खेड्यांत तज्ज्ञ सहजीं सांपडत नाहीं. दुसरे देश याहून अधिक उदार आहेत. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळें चालतांना पोटऱ्यांत कळ येण्याचा जो विकार आहे, त्यासाठीं हॉलंडमध्यें २०१७ पासून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं करावयाच्या व्यायामाचीं ३७ सत्रें मूळ आरोग्यविम्यांतूनच दिलीं जातात. जर्मनींत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सामुदायिक व्यायामाचीं सामान्यतः ५० सत्रें १८ महिन्यांच्या मुदतींत मिळतात, आणि त्यांचा खर्च सार्वजनिक विमासंस्था उचलतात. या देशांनीं हा खर्च केवळ दयाबुद्धीनें पत्करलेला नाहीं. चालतां-फिरतां राहिलेला मनुष्य इस्पितळांत कमी वेळां येतो, हा त्यामागील व्यवहारी हिशेब आहे.

आपल्याकडे ज्या घरांना अशी मदत मिळत नाहीं त्यांनींहि एक गोष्ट आजपासून करण्यासारखी आहे. व्यायाम हा मोघम उपदेश म्हणून न स्वीकारतां उपचार म्हणून मागून घ्यावा. एखाद्या जाणत्या फिजिओथेरपिस्टाकडे वर्षांतून तीन-चार वेळां जाणें हें पुष्कळ मध्यमवर्गीय घरांना अशक्य नाहीं. दिवाणखान्याच्या पडद्यांना जेवढा खर्च आपण विनातक्रार करतों तेवढ्यांत घरांतील वडील माणसाचे पाय आणखी कांहीं वर्षें त्याचे त्यालाच उपयोगी पडण्याचा संभव असेल, तर तो खर्च उधळपट्टीचा म्हणतां येणार नाहीं. मदत सरकारची असो, विम्याची असो, कीं मुलानें पाठविलेल्या पैशांची असो, ती फक्त शिकण्याचा खर्च भागविते. पांच भेटींचे पांच दिवस वजा केले तर वर्षाचे ३६० दिवस उरतात, आणि त्या दिवसांचा व्यायाम रोग्यालाच करावयाचा असतो. घरांतील मंडळींनीं त्या वेळीं "आतां या वयांत कशाला दगदग?" असें न म्हणतां त्याच्याबरोबर चार पावलें टाकलीं, तर त्या मदतीची किंमत दुप्पट होईल.

तेव्हां पुढच्या खेपेस डॉक्टर चिठ्ठी लिहूं लागले म्हणजे शेवटची गोळी लिहून होतांच त्यांना क्षणभर थांबवावें, आणि कोणता व्यायाम, आठवड्यांतून किती दिवस, किती मिनिटें व किती जोरानें, हें त्याच कागदावर लिहून मागावें. डॉक्टरांना स्वतःला तें सांगतां येत नसेल तर तें कोण सांगूं शकेल त्याचें नांव तरी मागून घ्यावें.